विषय बुलढाण्याचा, स्लॉट मुंबईचा

जिजाऊंवर मालिका व्हावी, असं बुलढाणा जिल्ह्यात किती जणांना वाटून गेलं असेल याची मोजदाद नाही. दर 12 जानेवारीला सिंदखेड राजाला लोटणाऱ्या गर्दीत हा विचार मनात न आलेला लिहिता माणूस विरळाच. मालिका आली ती 2019 मध्ये, सोनी मराठीवर, ‘स्वराज्यजननी जिजामाता’ या नावाने. उभी केली डॉ. अमोल कोल्हे यांच्या जगदंब क्रिएशनने. कोल्हे नारायणगावचे, जुन्नर तालुक्यातले. 2008 मध्ये स्टार प्रवाहच्या ‘राजा शिवछत्रपती’त त्यांनी शिवराय साकारले, 2017 पासून झी मराठीवर त्यांची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालली. शिवकाळ हा माणूस पडद्यावर निभावून नेतो, हे तोवर प्रत्येक चॅनलला कळून चुकलं होतं. शेगावच्या गजानन महाराजांवरची ‘संत गजानन शेगावीचे’ही सन मराठीवर येऊन गेली.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात विषय आहेत का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. सिंदखेड राजा, शेगाव, लोणार ही नावं मुंबईत कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण तीच अडचण आहे. ती सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून ती तुमची नाहीत. ‘लोणारवर मालिका करा’ असं सांगायला चॅनलला तुमची गरज नाही. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी ते दाखवलंच होतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या डोक्यात अशी एखादी गोष्ट खरोखर घोळते आहे: खामगावात एकांकिका बसवणारी पोरं, चिखली-मेहकरकडचे शिक्षक, मलकापूरचा एखादा वार्ताहर, नोकरी सांभाळून रात्री लिहिणारी एखादी ताई. वही भरलेली असते, पण ती नेमकी कोणाकडे पाठवायची, काय लिहून पाठवायची, आणि पाठवली तर चोरीला जाईल का, हे सांगणारं जवळपास कोणी नसतं.

पहिली गोष्ट पैशाच्या वाटेची. मराठी मनोरंजन वाहिन्यांचा दैनंदिन मालिकांचा व्यवहार बहुतांश ‘कमिशनिंग’वर चालतो. चॅनल एका निर्मिती संस्थेला मालिका करायला सांगतं आणि भागामागे ठरलेली रक्कम देतं. त्या रकमेत संस्थेने सेट, कलाकार, लेखक, तंत्रज्ञ सगळं बसवायचं. मालिकेचे हक्क बहुतेक वेळा चॅनलकडे राहतात. या साखळीत घरी बसून गोष्ट रचणाऱ्या एकट्या माणसाकडून चॅनलने थेट खरेदी करावी, अशी जागाच फारशी नाही. शिवाय कल्पना नेहमी बाहेरूनच येते असंही नाही. कित्येकदा चॅनलची फिक्शन टीमच ठरवते की आठच्या स्लॉटला अमुक प्रकारची गोष्ट हवी, आणि चार निर्मात्यांना तसा ‘ब्रीफ’ देते. म्हणून तुमचा पहिला खरेदीदार चॅनल नसून निर्माता आहे. चॅनलचा पत्ता शोधण्यात महिने घालवणारे लोक इथेच चुकतात.

दुकानंही मोजकी आहेत. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी. आणि यातल्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी 2024 च्या नोव्हेंबरपासून जिओस्टार या एकाच समूहात आहेत. त्यात तयार मालाची स्पर्धा. ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली मालिकेवरून आली, ‘रंग माझा वेगळा’ मल्याळमवरून, ‘ठरलं तर मग’ तमिळवरून. दुसऱ्या भाषेत चाललेली गोष्ट घेतली की चॅनलची निम्मी धास्ती कमी होते. तुमची नवी कोरी कल्पना याच गोष्टींसमोर उभी राहणार आहे. हे ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही. मात्र ‘नवं आहे’ एवढ्यावर कोणी हुरळून जात नाही, हे समजून कागद लिहायला बसा.

विषयाची गोष्ट कशी होते

साताऱ्याकडच्या काही गावांत घरटी एक माणूस सैन्यात, हा विषय झाला. त्यावर माहितीपट होईल, पुरवणीत लेख होईल. ‘सैन्यात जायचंच असं ठरवलेला गावातला पोरगा आणि त्याच्यात जीव गुंतलेली तोऱ्याची पोरगी’ ही गोष्ट झाली. 2017 मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘लागिरं झालं जी’चा गाभा एवढाच होता. लेखक तेजपाल वाघ त्याच मुलखातले, वाईचे. निर्मिती श्वेता शिंदे यांच्या वज्र प्रॉडक्शनची, आणि चित्रीकरणही साताऱ्याच्याच परिसरात. भाषा अस्सल, माणसं ओळखीची, पण प्रेक्षक रोज परत येत होता तो अज्या-शीतलचं पुढे काय होतं ते बघायला.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडायचा, भोवती अठरा धान्यं ठेवायची, रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं ते पाहून पाऊस-पिकाचं भाकीत सांगायचं. दरवर्षी ही बातमी राज्यभर जाते, दरवर्षी अंधश्रद्धा निर्मूलनवाले हरकत घेतात, आणि दरवर्षी शेतकरी ऐकायला जमतात. विषय म्हणून जबरदस्त. पण ‘भेंडवळच्या घटमांडणीवर मालिका’ असं लिहून पाठवलंत तर वाचणारा विचारणार, घट वर्षातून एक रात्र मांडतात, उरलेले तीनशे भाग काय करायचं?

आता हे बघा. गाव काल्पनिक, घराणंही काल्पनिक. गावाला पाऊस सांगणाऱ्या घरातली एकुलती मुलगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकून परत येते. त्या वर्षी वडिलांचं भाकीत एक सांगतं, तिचा अंदाज दुसरं सांगतो. ती गावासमोर बोलते. निम्मं गाव तिचं ऐकून पेरणी थांबवतं, निम्मं बापाचं ऐकून पेरतं. पाऊस कोणाच्या बाजूने लागतो ते तुम्ही ठरवा. कोणाच्याही बाजूने लागला तरी बाप-लेकीत दरी पडते आणि कोणाच्या तरी शेतात दुबार पेरणीची पाळी येते. ज्या घरात तिची सोयरीक ठरत आलेली असते, नेमकं त्याच घराचं बियाणं मातीत गेलेलं असतं. घराण्याची गादी मुलीकडे जाऊ शकते का, यावर डोळा ठेवून बसलेला चुलता आहे. दोन्ही बाजूंना उधारीवर बियाणं विकणारा कृषी केंद्रवाला आहे. आता या गोष्टीला पन्नासावा भाग दिसतो, दीडशेवाही दिसतो. आणि संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान घराघरांत ज्यांच्या हाती रिमोट असतो त्या बायकांना यात बघण्यासारखं काहीतरी आहे: बापाला खोटं पाडून त्याच्यावर माया करणारी लेक.

रोजची मालिका आठवड्यातून सहा दिवस चालते. वर्षाचे तीनशेच्या वर भाग होतात आणि अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण वीस-बावीस मिनिटं गोष्ट असते. तेवढं इंधन गोष्टीत आहे का, हे आधी स्वतःच तपासा. मी लिहिणाऱ्यांना नेहमी एक सोपी परीक्षा सांगतो: गोष्टीतल्या दोन मुख्य माणसांना काही केल्या एकमेकांपासून लांब जाता येत नाही, अशी व्यवस्था आहे का? एकाच घरात, एकाच धंद्यात, एकाच वाड्याच्या वाटणीत अडकलेली माणसं असतील तर गोष्ट टिकते. खामगावच्या चांदीच्या पेढीवरचे दोन भाऊ टिकतील. खून करून फरार झालेला माणूस टिकणार नाही. त्याची दहा भागांची वेब सिरीज मात्र होईल.

भाषेबद्दलही थोडं. 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घराघरांत नेली. त्याच वर्षी ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपुरी ठसक्यात बोलू लागली. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. तेव्हा बोली चालते. पण आपल्या जिल्ह्यात घाटाखाली एक बोली आणि देऊळगाव राजाकडे मराठवाड्याला लागून दुसरी. ‘वऱ्हाडी भाषा’ असं नुसतं लिहू नका. दोन पानांचा एक प्रसंग त्या बोलीत लिहून जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला ती कानाने कळेल. विनोदी नोकराच्या तोंडी वऱ्हाडी आणि नायिकेच्या तोंडी पुणेरी, हा जुना आळस तुम्ही तरी करू नका.

खर्चही गोष्टीतच दडलेला असतो. राधिका नागपूरकडची, पण तिचा संसार मुंबईत, कारण युनिट मुंबईत असतं. बुलढाणा मुंबईपासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर. महिनोन् महिने शंभर माणसांचं युनिट इथे ठेवायचं म्हणजे राहणं, जेवण, गाड्या. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनपासून पूर्ण खुला झालाय, सिंदखेड राजा-मेहकर त्यावरच आहेत, तेव्हा प्रवास सोपा झाला, पण मुक्कामाचा खर्च तसाच. म्हणून निर्मात्याला जी टिपणी पाठवाल तीत सांगा की कुठली दृश्यं इथेच व्हायला हवीत (ज्ञानगंगेचं जंगल, लोणारचा काठ, कापसाचं रान) आणि कुठलं घर ठाण्याजवळच्या सेटवर उभं राहू शकेल. हे सांगणारा नवखा लेखक निर्मात्याला लगेच वेगळा वाटतो.

कागदावर काय असावं

पाचशे पानांचं हस्तलिखित कोणी वाचत नाही. सुरुवातीला लागते ती सहा ते दहा पानांची संकल्पना टिपणी. या धंद्यात तिला ‘कॉन्सेप्ट नोट’ म्हणतात. वर एक वाक्य, ज्याला सगळे ‘वन लाइनर’ म्हणतात. खामगावच्या बाजारात व्यापारी गाडीतला मूठभर कापूस उपसतो, धागा ओढतो आणि भाव ठरवतो. बाकी गाडी तो नंतर बघतो. वन लाइनरचं काम त्या मुठीएवढंच. त्यात माणूस, त्याला काय हवंय आणि ते मिळण्यात आड काय येतं, एवढं आलं पाहिजे. ‘स्त्रीच्या संघर्षाची हृदयस्पर्शी गाथा’ असली वाक्यं खोडून टाका. ती जगातल्या प्रत्येक मालिकेला लागू पडतात.

वाक्यानंतर अर्ध्या पानात जग: कुठलं गाव, कुठला धंदा, कुठला काळ. त्यानंतर माणसं. सहा-सात पुरेत. प्रत्येकाचं वय आणि स्वभाव सांगून थांबू नका. त्याला काय हवंय आणि तो काय लपवतोय ते लिहा. मालिकेत गोष्ट पुढे सरकते ती लपवलेल्या गोष्टींवर. मग पहिल्या तीन महिन्यांचा ‘ट्रॅक’, म्हणजे गोष्ट कुठून कुठे जाते, दोन पानांत. आणि शेवटी पहिल्या आठवड्याचे सहा भाग, प्रत्येकी सात-आठ ओळींत, प्रत्येक भाग कुठे थांबतो हे ठळक करून. हुक म्हणतात तो हाच. सहाव्या भागापर्यंत मोठा धक्का आला नसेल तर पुन्हा लिहा.

मला विचाराल तर यात सर्वांत कमी लोक लिहितात आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते ती एक गोष्ट म्हणजे प्रोमो. चॅनलमध्ये कल्पना ऐकताना माणसांच्या डोक्यात तीस सेकंदांचा प्रोमो आधी फिरतो, मालिका नंतर. पावसाची वाट बघणारं रान, घटासमोर बसलेला बाप, मागे उभी असलेली हातात मोबाईलवर ढगांचा नकाशा धरलेली मुलगी, आणि दोघांनी एकाच वेळी वेगळं सांगणं. चार ओळींत असा प्रोमो लिहून टिपणीच्या शेवटी ठेवा.

मालिकेऐवजी कार्यक्रमाची, म्हणजे नॉन-फिक्शनची कल्पना असेल तर टिपणी आणखी लहान हवी. ‘होम मिनिस्टर’ आठवा. 2004 मध्ये सुरू झालेला झी मराठीचा हा खेळ वर्षानुवर्षं चालला. आदेश बांदेकर घरी येतात, वहिनींशी गप्पा, खेळ, जिंकणाऱ्या वहिनीला पैठणी. दोन ओळींत अख्खा कार्यक्रम कळतो, प्रत्येक भागात नवं घर, खर्च आटोक्यात, आणि प्रायोजकाला जागा. तुमच्या कार्यक्रमाला सूत्रधार कोण आणि प्रायोजक कोण, या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील तर तो अजून कार्यक्रम झालेला नाही. आपल्या भागातली उदाहरणं: कृषी निविष्ठा, ट्रॅक्टर, सोनं-चांदी, बँका. या कंपन्यांना ग्रामीण प्रेक्षक हवाच असतो.

खरी घटना किंवा पुस्तक यावर गोष्ट उभी असेल तर हक्कांचं आधी बघा. 2024 मध्ये सोनीलिव्हवर आलेली ‘मानवत मर्डर्स’ परभणी जिल्ह्यातल्या सत्तरच्या दशकातल्या हत्याकांडावरची, पण तिचा आधार होता तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं पुस्तक. आपल्याकडे सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यावर हिंदी चित्रपटही झाला. असं एखादं पुस्तक डोक्यात असेल तर लेखकाची, किंवा तो हयात नसल्यास वारसांची लेखी संमती घ्या. ठरावीक मुदतीचा करार, त्या मुदतीत लेखकाने हक्क दुसऱ्याला द्यायचे नाहीत. ‘सर ओळखीचे आहेत, नाही म्हणणार नाहीत’ यावर निर्माता एक पैसा लावत नाही. आणि जिवंत माणसाची गोष्ट असेल, विशेषतः संस्थान, दर्गा, घराणं यांच्याशी जोडलेली, तर गावाचं नाव आणि तपशील बदला. धार्मिक भावनांच्या वादाला सगळी चॅनल बिचकतात.

दार कुठलं

निर्माता शोधायचा सर्वांत सरळ मार्ग रोज रात्री तुमच्या टीव्हीवर चालू असतो. आपल्या गोष्टीच्या जातीच्या दोन-तीन मालिका निवडा आणि नामावली थांबवून वाचा. निर्मिती संस्था, कथा, पटकथा, संवाद, आणि ‘कार्यकारी निर्माता’ किंवा ‘क्रिएटिव्ह हेड’ म्हणून कोणाचं नाव येतं ते लिहून काढा. हीच माणसं नव्या कल्पना आधी वाचतात. ‘ठरलं तर मग’ बांदेकरांच्या सोहम प्रॉडक्शनची आहे, ‘लागिरं’ वज्रची होती. अशी यादी आठवड्याभरात तयार होते. पंधरा नावांपैकी ज्यांनी तुमच्यासारखं काही केलंय ती चार-पाच धरा. ऐतिहासिक करणाऱ्याला कौटुंबिक आणि विनोदी करणाऱ्याला भयकथा पाठवू नका.

संस्थेच्या अधिकृत ईमेलवर लहान पत्र जावं: तुम्ही कोण, वन लाइनर, ही गोष्ट तुम्हीच का सांगू शकता, आणि ‘टिपणी तयार आहे, पाठवू का?’ टिपणी लगेच चिकटवू नका. त्यांनी मागितल्यावर पाठवा. मागितली म्हणजे त्यांना हवी होती, याचीही नोंद राहते. पंधरा-वीस दिवसांनी एकदा आठवण करून द्यावी. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, बघितलं का?’ विचारणाऱ्याचं नाव मुंबईत फार लवकर पसरतं.

ओळख नसेल तर कामातून ओळख करा, आणि त्यासाठी एकांकिकेहून चांगलं दार मला माहीत नाही. मराठी मालिकांचे कित्येक लेखक आणि दिग्दर्शक एकांकिका स्पर्धांतून आणि राज्य नाट्य स्पर्धेतून वर आले. प्रयोग झाला की परीक्षकांना भेटा. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी टीव्हीवर काम करणारं असतं. मुंबईतल्या मामि चित्रपट महोत्सवाच्या ‘वर्ड टू स्क्रीन’ या उपक्रमाने पुस्तकांना निर्मात्यांसमोर नेलं आहे. गोव्याच्या इफ्फीबरोबर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार 2007 पासून भरतो आणि त्यांची पटकथा कार्यशाळाही आहे. तिथला ओढा चित्रपट आणि वेब सिरीजकडे आहे, पण नव्या लेखकासाठी ते दार खुलं असतं. दूरदर्शनला मात्र लोक उगाच विसरतात. प्रसार भारती वेळोवेळी जाहीर सूचना देऊन प्रस्ताव मागवते आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून ‘वेव्हज’ हा त्यांचा स्वतःचा ओटीटी मंचही आहे. कागदपत्रं भरपूर, अटी किचकट, निर्मिती संस्था सोबत लागतेच. पण लोणारचं विज्ञान किंवा घाटाखालच्या शेतीची गोष्ट सांगायला खासगी चॅनलपेक्षा तिथे अधिक मोकळी जागा आहे.

निर्मात्याचं बोलावणं आलं तर विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेसने शेगाव-मलकापूरहून रात्री निघून सकाळी पोचता येतं. भेटीला ‘नरेशन’ म्हणतात आणि ते तोंडी असतं. वीस मिनिटं मिळतील असं धरून तयारी करा, त्यातली पहिली तीन सर्वांत महत्त्वाची. कागद वाचून दाखवू नका. गोष्ट सांगा. शेगावच्या पारायणाला किंवा भागवत सप्ताहाला जाऊन आलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. कथेकरी कुठे थांबतो आणि श्रोते कुठे पुढे सरकतात ते आठवा. मधेच प्रश्न येतील: नायिका बदलली तर? चुलता विनोदी केला तर? हीच गोष्ट नाशिकला घडली तर? लगेच ‘हो’ म्हणू नका, लगेच भांडूही नका. कुठल्या बदलाने गोष्ट मोडते आणि कुठल्याने नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. भेंडवळसारखी गोष्ट नाशिकच्या द्राक्षबागेत गेली तर कोरडवाहू शेतकऱ्याची धाकधूकच निघून जाते. असं नेमकं सांगता आलं पाहिजे.

चोरीची भीती

याबद्दल जास्त बोलतो, कारण हीच भीती वही पेटीत ठेवायला लावते.

कायदा आधी समजून घ्या. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. एका नाटकावरून चित्रपट उचलल्याचा तो दावा होता. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाची मालकी नाही. ते ज्या शब्दांत, पात्रांत, प्रसंगांत मांडलंय त्यावर आहे, असं त्याचं सार. म्हणजे ‘पाऊस सांगणाऱ्या घरातली मुलगी’ हे कोणीही वापरू शकतं. तुमची सहा माणसं, त्यांचे पेच आणि तुमचे सहा भाग वापरू शकत नाही. जितकं तपशिलात लिहाल तितकं तुमचं.

पण गोष्ट इथेच संपत नाही. ‘स्वयंवर’ या कार्यक्रमाची कल्पना चॅनलला सांगणाऱ्या माणसाच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये तात्पुरता मनाई हुकूम दिला. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात कृष्णावरच्या मालिकेच्या संकल्पनेबद्दल तसाच कौल दिला. विश्वासाने सांगितलेली, नीट विकसित केलेली संकल्पना ऐकणाऱ्याने परस्पर वापरू नये, हे तत्त्व तिथे मान्य झालं. या दोन्ही निकालांतून लिहिणाऱ्याने घ्यायचं ते साधं आहे: संकल्पना पूर्ण लिहिलेली असावी, कोणाला कधी सांगितली याचा पुरावा असावा, आणि ती खासगी म्हणून सांगितली हे दिसावं.

म्हणून टिपणीच्या पहिल्या पानावर नाव, तारीख आणि ‘ही संकल्पना विचारार्थ आणि गोपनीय आहे’ अशी ओळ. भेट झाली की त्याच संध्याकाळी ईमेल: आज अमुक वाजता भेटलो, अमुक गोष्ट ऐकवली, वेळ दिल्याबद्दल आभार. आभाराचा तो ईमेल पुढे साक्षीदार होतो. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं तर संहिता ऑनलाइन नोंदवता येते आणि ‘अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं’ हे सिद्ध होतं. मराठी लेखकांची ‘मानाचि’ ही संघटनाही आहे. केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची नोंद 500 रुपयांत होते. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. नोंद नसली तरी कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच, पण नोंद असली की बोलायला जागा राहते. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. तिच्यावर विसंबू नका.

निर्मात्याने गोपनीयतेच्या करारावर सही करावी असा हट्ट पहिल्याच भेटीत धरू नका. मोठ्या संस्था करत नाहीत. उलट काही ठिकाणी तुमच्याकडूनच एक फॉर्म भरून घेतात, ज्यात ‘अशीच कल्पना आमच्याकडे आधीपासून असू शकते’ असं लिहिलेलं असतं. सही करण्यापूर्वी घरी नेऊन वाचा. आणि हेही खरं की एकाच वर्षी दोन माणसांना सारखंच सुचतं. सोयाबीनचे भाव कोसळले की विदर्भात बाप-लेकाच्या भांडणाच्या दहा गोष्टी एकाच वेळी लिहिल्या जातात.

खरी लूट मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. ‘चॅनलमध्ये ओळख आहे, फाईल पुढे सरकवायला एवढे लागतील’, ‘तुमची कथा निवडली गेलीय, नोंदणी फी भरा’, असे फोन आपल्या तालुक्याच्या गावांत नेहमी येतात. गोष्ट ऐकण्यासाठी कुठलाही खरा निर्माता किंवा चॅनल लेखकाकडून पैसे घेत नाही. पैसे मागितले की विषय तिथेच संपवा.

होकार आला तर

नवख्या माणसाला अख्खी मालिका लिहायला मिळत नाही. कथा, पटकथा आणि संवाद ही मालिकेत तीन वेगळ्या माणसांची कामं असतात. तुम्हाला बहुधा ‘मूळ संकल्पना’ किंवा ‘कथा’ असं श्रेय मिळेल आणि शिकायची तयारी दिसली तर संवादाच्या टीममध्ये जागा. संवादांची जागा मिळत असेल तर ती घ्या. रोजच्या भागांमागे वर्षभर मानधन मिळतं आणि पुढची दारं तिथूनच उघडतात. भाग आठवड्याच्या तोंडावर बदलतात, गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक बदलतो, रात्री अकराला प्रसंग पुन्हा मागितला जातो. नोकरी सांभाळून हे जमत नाही, ते आधीच घरात बोलून घ्या.

करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: श्रेय नेमकं कुठल्या शब्दांत आणि कुठे दिसणार, मानधन एकरकमी की भागामागे, आणि कामाला सुरुवात झालीच नाही तर हक्क तुमच्याकडे कधी परत येणार. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, हस्तांतरण रद्द ठरतं. मात्र तयार करारांत नेमकं ‘वेगळं’च लिहिलेलं असतं. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असे शब्द दिसले की तिथे बोट ठेवून विचारा. बुलढाणा किंवा अकोल्याचा ओळखीचा वकील चालेल, पण त्याला कॉपीराइट कायद्याची कलमं 18 आणि 19 आधी वाचायला सांगा. या लेखी गोष्टी मागितल्या म्हणून काम गेल्याचं मी क्वचितच ऐकलंय.

पॅन कार्ड आणि बँक खातं तुमच्याच नावाचं हवं, भावाच्या किंवा नवऱ्याच्या नाही. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो, पण भरलंच नाही तर तो गेला. बिलावर भागांचे क्रमांक आणि तारखा लिहा. पैसे हाती यायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पहिल्या चेकच्या भरवशावर मुंबईत खोली घेऊ नका.